बिघडवायची वही

आमच्या गल्लीत एकाही घरात कॅलेंडर तिरकं नव्हतं, आणि त्यात आमचं काही कर्तृत्व नव्हतं. माझ्या घरमालकीण मावशी सत्यनारायणाला आल्या, बारशाला आल्या, मयताला आल्या, तरी उंबरा ओलांडताच त्यांची नजर आधी भिंतीवर जायची. माणसांची विचारपूस मागाहून. खिळ्यावरचं कॅलेंडर, देवाचा फोटो, आरसा, जे टांगलेलं असेल ते बोटाच्या टोकानं किंचित ढकलायचं, दोन पावलं मागं सरून एक डोळा मिटून बघायचं, आणि मग "हां, आता बोल गं बाय, कसं झालं?" म्हणत रडणाऱ्या बाईपाशी बसायचं. शेजारचे आजोबा गेले तेव्हा तिरडीची सुतळी एका अंगाला जास्त आवळली गेलीय, हे त्यांनी खांदेकऱ्यांना सुनावलं होतं. माणसं चिडली, पण सुतळी सोडून पुन्हा बांधली. न बांधून सांगतात कुणाला?

मी वडूजची. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून सांगलीला लागले आणि खणभागात मावशींच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आई मला सोडायला आली होती. प्रवासात मळलेले कपडे तिनं धुतले आणि अंगणातल्या दोरीवर टाकले. जरा वेळानं आम्ही बघतो तर मावशी ते सगळे काढून पुन्हा वाळत घालत होत्या. लांब कपडे एका बाजूला, आखूड एका बाजूला, काठ काठाला लावून.

"आवं, वाळल्यावर काढायचंच हायत की," आई म्हणाली.

"वाळंस्तवर लोकं बगत्यात न्हवं," मावशी म्हणाल्या.

एस.टी.त बसताना आईनं माझ्या कानात सांगितलं, "पोरी, बाई लय नीटनेटकी हाय. तुजा हितं निभाव लागायचा न्हाई."

आईचं खोटं नव्हतं. मी जन्माची बेंगरूळ. शाळेत शिवणाच्या बाईंनी माझा रुमाल वर्गभर फिरवला होता तो 'असं करू नये' हे दाखवायला. पण मावशींनी मला घराबाहेर काढलं नाही. उलट माझ्या खोलीत त्या वारंवार यायच्या, कारण तिथं त्यांना भरपूर काम मिळायचं.

त्यांचा धंदाच नीटनेटकेपणाचा होता. त्या रुखवतं करून द्यायच्या. सांगली-मिरजेतल्या लग्नांत कार्यालयाच्या एका भिंतीला टेबलं लावून जे मांडतात, ते मावशींच्या हातचं असलं तर बायका आधी तिकडं जायच्या, नवरीकडं नंतर. पिस्त्याच्या टरफलांचा मोर, सुपारीचे भटजी, बिस्किटांचा बंगला, तांदळाचं तोरण, क्रोशाचे रुमाल, मोत्यांचं तबक. शिवाय बरणीत भरलेले गव्हले. भिजवलेल्या रव्याचे गव्हाच्या दाण्याएवढे वळलेले ते तुकडे मावशींच्या बरणीत असे दिसायचे की एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

"पोरगी खाली मान घालून उभी ऱ्हाती," मावशी म्हणायच्या. "रुखवत बोलतं."

लग्नसराईत गल्लीतल्या मुली हाताखाली यायच्या. मुलगी आपलं काम घेऊन समोर उभी राहिली की मावशी ते उजेडाला धरायच्या, उलटं करायच्या, मागच्या गाठी बघायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "उसव." कुणाला त्या रागावल्या नाहीत, कुणाच्या हातावर मारलं नाही. नुसतं "उसव." आणि काम अगदी निर्दोष असेल तर "चालंल." याच्या वर त्यांच्याकडं शब्द नव्हता. मी एकदा विचारलं, "मावशी, एखादीला छान म्हणालात तर काय बिघडंल का तुमचं?"

"छान म्हटलं की हात थांबतोय," त्या म्हणाल्या. "मग फुडं काय करायचं?"

मावशींना एकच मुलगी, बेबी. यजमान हळदीच्या अडत दुकानात होते, ते ही पोर लहान असतानाच गेले. तेव्हापासून मावशी आणि बेबी आणि रुखवत, एवढंच त्या घरात होतं. दुसऱ्या पोरी ठिकऱ्या खेळायच्या त्या वयात बेबी आईसमोर बसून गव्हले वळायची. मावशी ताटावरून नुसती नजर फिरवून लहानमोठे निवडायच्या आणि पुन्हा पिठाच्या गोळ्यात दाबायच्या. शेजारीण सांगायची की ही पोर झोपली तरी तिची बोटं हलत असायची. मावशी हे ऐकून खूश व्हायच्या. "वळण पडलंय," म्हणायच्या.

मी राहायला गेले तेव्हा बेबीचं लग्न होऊन ती साताऱ्याला नांदत होती. तिच्या लग्नाची गोष्ट मावशींनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली, आणि ती कशी, तर छाती फुगवून. लग्नाच्या दिवशी रुखवत मांडून झालं. साताऱ्याच्या बायका बघायला येणार, तेवढ्यात मावशींना दिसलं की मोत्यांच्या तबकात एक मोती जरा पिवळट आहे. बघणाऱ्या बाईला तो सूर्याच्या उजेडात हातभर अंतरावरून दिसला नसता. मावशींना दिसला. त्यांनी सुई काढली, ओळ उसवली, नवा मोती शोधला. तिकडं गुरुजींनी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, माणसं बोलवायला आली. मावशी ओवत बसल्या.

"अवं, मग अक्षता?" मी विचारलं.

"माज्या हातात सुई हुती की गं! अक्षता कशानं टाकू?" मावशी हसून म्हणाल्या. "पर तबक आसं झालं, बेबीच्या सासूनं तोंडात बोट घातलं."

मीही तेव्हा हसले. विक्षिप्त बाईची एक गोष्ट म्हणून ऑफिसात सगळ्यांना सांगितलीसुद्धा.

पुढच्या वर्षी, पावसाळा सरता सरता, बेबीला घेऊन जावई आले. तिला आत पाठवून ते कट्ट्यावर बसले. मी ड्यूटीवर निघाले होते, पण त्यांचा चेहरा बघून थांबले. भला माणूस होता. तेच तर वाईट झालं, कुणाच्या नावानं बोटं मोडायची सोयच नव्हती. मारहाण नाही, देण्याघेण्याचं काही नाही, सासूही बरी. ते मावशींना म्हणाले, "आई, ती एक भाकरी करते आन टाकून देते. परत पीठ मळते, परत टाकते. दुपार झाली तरी झाडून संपत न्हाई. आमी काय बोलत न्हाई तिला. आता तर तिनं सगळं सोडलंय. पाणी प्यायचं तरी आधी विचारती, ह्याच भांड्यानं पिऊ का म्हणून. थोडं दिवस ऱ्हाऊ दे हितं."

चहा पिऊन ते गेले आणि परत न्यायला आले नाहीत. मावशींनी केलेलं रुखवत साताऱ्यात काचेच्या कपाटात राहिलं, मुलगी सांगलीला परत आली.

बेबी गोरी, उंच, नाकीडोळी देखणी. मधल्या खोलीच्या दाराशी भिंतीला टेकून बसायची आणि दोन्ही हात पदराखाली ठेवायची. जेवायला वाढलं तर जेवायची, झोप म्हटलं तर झोपायची. तिला काही कर म्हटलं की एकच उत्तर यायचं, "नको आई. चुकेल." त्यात चिडणं नव्हतं, रडणं नव्हतं. पाऊस पडेल असं सांगावं तितक्या साधेपणानं ती सांगायची.

मावशींना वाटलं, हात चालू झाला की माणूस चालू होतं. त्यांनी तिच्या मांडीवर क्रोशाची सुई आणि दोरा ठेवला. बरेच दिवस तो तसाच पडून होता. मग एका सकाळी बेबीनं सुई उचलली. मावशी स्वयंपाकघरातून बघत होत्या, मी माझ्या दारातून. तिनं एक वेढा घातला, दुसरा घातला, बशीएवढा रुमाल झाला. आमच्या जिवात जीव आला. तिनं तो आईपुढं धरला. मावशींनी उजेडाला धरला, उलटा केला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून शब्द गेला, "उसव."

बेबीनं उसवायला घेतलं. चुकलेला वेढा उसवून ती थांबली नाही. त्याच्या आतला उसवला, त्याच्या आतला उसवला, शेवटी मधली पहिली गाठसुद्धा सोडली. दोऱ्याचा ढीग आईच्या पायाशी ठेवला आणि हात पुन्हा पदराखाली घेतले. मावशी कितीतरी वेळ तो दोरा नुसता बघत होत्या. मी त्यांना हाक मारली, ती त्यांना ऐकू आली नाही.

मिरजेच्या डॉक्टरांकडं मी रजा काढून बरोबर गेले. डॉक्टर तरुण होते, हळू बोलायचे. त्यांनी बेबीला बाहेर बसवलं आणि मावशींना म्हणाले, "यांना काहीही करू द्या. कागद फाडू द्या, चिकटवू द्या, रंग सांडू द्या. लहान मुलं खेळतात तसं. बरोबर आलं पाहिजे असं काही नाही. आणि तुम्ही पण शेजारी बसून करा. तुमचं चुकलेलं त्यांना बघू द्या."

येताना एस.टी.त सांगली जवळ आल्यावर मावशी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "म्या चुकायचं? पर कसं गं चुकायचं?"

त्यांनी हे काम रुखवतासारखंच अंगावर घेतलं. छापखान्यातून लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचा गेल्या सालचा अल्बम मागून आणला. जाड पुठ्ठ्याची पानं, प्रत्येकावर गणपती, सनई-चौघडा, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. त्यावरच चिकटवायचं ठरलं. मैद्याची खळ शिजवली. गल्लीभर फिरून चिंध्या, साडीच्या फॉलचे तुकडे, जुनी कॅलेंडरं, एस.टी.ची तिकिटं, टिकल्यांची रिकामी पाकिटं, शेंगांची टरफलं गोळा केली. रंगाला हळद, कुंकू, नीळ, चहाचं पाणी. या अल्बमाला त्यांनी नाव दिलं, 'बिघडवायची वही'.

पहिल्या दुपारी मी बघायला गेले तर मावशींनी खळ फडक्यातून गाळून घेतली होती. गुठळी नको म्हणून. गोळा केलेला कचरा रंगाप्रमाणं वेगळा करून डब्यांत भरला होता. इतका नीट लावलेला कचरा मी जन्मात पाहिला नव्हता.

"मावशी, अवं हे बिघडवायचंय ना?" मी म्हणाले.

"व्हय, मग सामान नगं का नीट?"

तेव्हा त्यांनी मला गुरू केलं. "तुज्याइतकं वाईट ह्या गल्लीत कुणाला जमत न्हाई," त्या अगदी मनापासून म्हणाल्या. "मला शिकीव." आयुष्यात माझ्या गबाळेपणाची एवढी किंमत कुणी केली नव्हती. मी पदर खोचून शिकवायला बसले. म्हटलं, कात्री बाजूला ठेवा, कागद हातानं फाडा. मावशींनी कागदाला आधी नखानं घडी पाडली आणि फाडला, तो सरळ रेषेत. म्हटलं, न बघता चिकटवा. त्यांनी डोळे मिटले, बोटांनी पानाची कड चाचपली आणि तुकडा काठाला काठ लावून बसवला. म्हटलं, डाव्या हातानं करा. पण डावा हातही उजव्याचाच भाऊ निघाला. फारच आग्रह केला तेव्हा त्यांनी चार तिकिटं वाकडी चिकटवली. चारही सारखीच वाकडी!

हसून हसून माझ्या पोटात दुखलं. मावशी मात्र हसत नव्हत्या. त्या चार तिकिटांकडं बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "हात ऐकत न्हाई गं," त्या म्हणाल्या. "म्या त्येला आसा बांदून घातलाय, आता सोडला तरी जाग्यावरच बसतोय."

दाराशी बेबी बसलेली असायची. हे सगळं तिच्यासमोर, तिच्यासाठीच चाललं होतं. मावशी मुद्दाम जोरात म्हणायच्या, "आरं द्येवा, चुकलं की! चुकलं बग बेबी माजं!" आणि चोरून तिच्याकडं बघायच्या. बेबी बघायची, पण हात पदराखालून निघायचा नाही. रुखवताची गिऱ्हाइकं येऊन परत जायची. डोळा राहिला नाही आता, असं मावशी त्यांना सांगायच्या. रोज दुपारी खळ शिजायची. डब्यांतलं सामान संपायचं, नवं यायचं.

"जास्ती काय मागत न्हाई," मावशी मला म्हणायच्या. "तिनं हितं एक टिकली लावावी. नुसती एक. वाकडी."

एक दुपार मात्र खरी आनंदात गेली, ती सांगितली नाही तर मावशींवर अन्याय होईल. लाल रंग संपला म्हणून त्या स्वयंपाकघरातून तिखटाची वाटी घेऊन आल्या. चिमटीनं पानावर मोजून भुरभुरवायला गेल्या आणि त्यांना जी शिंक आली, तिनं अख्खी वाटी उडवली. पानावर, माझ्यावर, त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर तिखट. आम्ही दोघी खोकतोय, शिंकतोय, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि त्यातच मावशींना हसू फुटलं. मी त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. खळीत बरबटलेले हात त्यांनी तसेच पानावर थापले. हळद ओतली, नीळ ओतली, टरफलं मुठीनं फेकली. "घे, आजून घे!" असं त्या वहीला म्हणत होत्या. बेबीलाही शिंका आल्या. तिनं नाक पुसायला हात बाहेर काढला आणि क्षणभर तो बाहेरच राहिला.

त्या दिवसापासून मावशी बदलल्या. खळ गाळणं बंद झालं, डबे एकमेकांत मिसळले. त्यांच्या केसांना खळ लागलेली असायची. माझ्या खोलीतलं कॅलेंडर तिरकं लोंबत होतं, त्या समोर बसून चहा प्यायल्या, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. जिनं जन्मभर दुसऱ्यांची कॅलेंडरं सरळ केली त्या बाईला सुटका म्हणजे काय ते साठी जवळ आल्यावर कळलं. मला त्याचा आनंद होत होता आणि त्याच वेळी फार वाईट वाटत होतं, कारण सुटका जिला हवी होती ती दाराशी बसलेली होती.

आणि मग ती अक्षतांची दुपार आली. वहीतलं एक रिकामं पान उघडून मावशी बसल्या होत्या. त्यांनी नुसती खळ फासली. दुसरं सामान काही घेतलं नव्हतं, शेजारी फक्त एक वाटी होती, तिच्यात कुंकवाचा हात लावलेले तांदूळ. मी विचारलं, हे काय? माझ्याकडं की बेबीकडं न बघता, वहीकडं बघत, लग्नाची ती गोष्ट त्या पुन्हा सांगायला लागल्या. पिवळट मोती, उसवलेली ओळ, बोलवायला आलेली माणसं, सगळं तेच. आवाज मात्र तो नव्हता.

"अंतरपाट निघाला तवा पोरीनं मान वर करून मला हुडकलं आसंल न्हवं?" त्या म्हणाल्या. "समद्या गावानं अक्षता टाकल्या. म्या न्हाई टाकल्या. मोती ओवत हुते."

मावशींनी ओंजळभर तांदूळ घेतले, दोन्ही हात कपाळाला लावले आणि उभं राहून त्या पानावर उधळले. काही खळीत चिकटले, काही जमिनीवर घरंगळले. एक दाणा इथं, चार तिथं, मध्येच झुबका. त्यात रेघ नव्हती, आकार नव्हता. त्यांनी पुन्हा उधळले. पुन्हा उधळले. वाटी संपली तशा खाली बसल्या.

बेबी उठली. ती आपणहून उठल्याचं मी त्या घरात प्रथमच पाहिलं. ती येऊन वहीपाशी बसली, पदराखालचे दोन्ही हात बाहेर आले. मावशींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. बेबीनं पानावर बोट टेकवलं. एक दाणा उचलला. मला वाटलं आता ती तो उधळेल, कुठंतरी लावेल, काहीतरी होईल.

तिनं तो दाणा पानाच्या वरच्या कडेशी आडवा ठेवला. दुसरा उचलून त्याच्या शेजारी ठेवला, मध्ये अगदी तेवढीच जागा सोडून. मग तिसरा. तुटका तांदूळ आला की तो बाजूला काढायची. एक ओळ पुरी झाली, तिनं एक डोळा मिटून बघितली आणि दुसरी ओळ धरली.

मावशींचा हात माझ्या मनगटावरून गळून पडला. आम्ही बसून राहिलो. उन्हं अंगणातून कट्ट्यावर आली, कट्ट्यावरून गेली. आईनं इतक्या वर्षांनी टाकलेल्या अक्षता मुलीनं वेचून ओळीनं लावल्या, पानभर. एकही दाणा इकडचा तिकडं नव्हता. शेवटचा दाणा ठेवून तिनं वही उचलली आणि आईपुढं धरली, पूर्वी रुमाल धरायची तशी.

काय म्हणायचं होतं मावशींनी? चुकीचं केलंस म्हणावं तर पुन्हा चूकच काढायची. बरोबर म्हणावं तर जे सुटावं म्हणून एवढा खटाटोप केला, त्याच्यावरच शिक्का मारायचा. मावशींनी वही हातात घेतली. उजेडाला धरली नाही, उलटी केली नाही.

"छान," मावशी म्हणाल्या.

बेबी हसली. ते हसू इतकं निर्मळ होतं, मला बघवेना. मावशी उठून मागच्या दारी गेल्या आणि हौदापाशी हात धूत बसल्या. खळ कधीच निघून गेली होती तरी त्या हात धूतच होत्या. मी जवळ गेले तेव्हा म्हणाल्या, "त्या एका सबदासाटी पोर जन्मभर वळत हुती गं. आन म्या दिला तो आज, असल्या ओळींवर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक प्रयत्न केला. ओळीतला एक दाणा बोटानं जरासा तिरका सारला, नुसता एक. बेबीनं ते पाहिलं. तिनं पानावरचे सगळे तांदूळ नखानं खरवडून काढले, वाटीत भरले आणि बरेच दिवस ती पुन्हा दाराशी जाऊन बसली. त्यानंतर मावशींनी तिच्या ओळीला बोट लावलं नाही. रोज दुपारी त्या नवं पान खळीनं माखायच्या आणि अक्षता उधळायच्या. वही भरली की छापखान्यातून दुसरा अल्बम आणायच्या. बेबी ओळी लावायची. मावशी "छान" म्हणायच्या. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, काहीतरी करतायत हे चांगलंच आहे. मावशींनी मान डोलावली.

"म्या बिघडवायचं, तिनं नीट करायचं," त्या मला म्हणाल्या. "दोगींना काम झालं बग." त्यांना यात काही विनोद वाटत असेल तर तो त्यांच्या तोंडावर दिसला नाही.

पुढं माझी साताऱ्याला बदली झाली, तिथंच लग्न झालं. मावशी लग्नाला आल्या नाहीत, बेबीला सोडून कुठं येणार? रुखवत मात्र पाठवलं, एक तांदळाचं तोरण. दारावर बांधलं तर एका बाजूला चांगलं वीतभर झुकत होतं. सासूबाई म्हणाल्या, सरळ कर. मी नाही केलं.

मावशी गेल्याचं मला फार उशिरा कळलं. घर विकलं होतं आणि बेबीला मावशींच्या भावानं कुंडलला आपल्याकडं नेलं होतं. मी तिथं गेले. मामी चांगल्या होत्या, बेबीचे कपडे स्वच्छ होते, केस विंचरलेले होते. ती सोप्यात दाराशी भिंतीला टेकून बसली होती, हात पदराखाली.

"काय करत न्हाई," मामी म्हणाल्या. "ती वही तेवडी घिऊन बसती. आमाला काय कळत न्हाई त्यातलं. उघडून दिली तर मिटून ठेवती."

मी तिच्याजवळ बसले. तिनं मला ओळखलं की नाही कोण जाणे. बऱ्याच वेळानं तिनं वही माझ्याकडं सरकवली, शेवटचं पान काढलं. तेवढं एकच कोरं राहिलं होतं. आणि सांगलीच्या घरात इतकं एकत्र राहून तिनं मला जे कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाली. माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "टाक ना."

मामींकडून मी तांदूळ मागून घेतले, कुंकू लावलं, वाटीभर खळ करून घेतली. माझ्यासारख्या बेंगरूळ बाईला हे काय अवघड? मी उधळले, कसेही पडले. बेबी पुढं वाकली आणि ओळी लावायला लागली. मी तिची बोटं बघत होते. केस पांढरे व्हायला लागले होते, बोटं मात्र जराही डळमळत नव्हती. शेवटचा दाणा ठेवून तिनं वही माझ्यापुढं धरली.

"छान," मी म्हणाले.

तिनं वही तशीच धरून ठेवली. "आईसारखं म्हण," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हणाले. मग हळू आवाजात म्हणून पाहिलं. मावशींनी म्हटलेला तो शब्द मी इतक्यांदा ऐकला होता, त्यात काय काय होतं तेही मला ठाऊक होतं, पण तो माझ्या तोंडून येईना. रडू आलं तशी मी थांबले.

बेबीनं वही परत मांडीवर घेतली, मान खाली घातली, आणि लावलेले तांदूळ एकेक करून काढायला लागली.